लगाम कधी सोडायचा

माळेगावच्या यात्रेत घोडा बघण्याची एक ठरलेली रीत आहे. मार्गशीर्ष वद्यात नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथल्या माळावर घोड्यांचा, गाढवांचा बाजार बसतो. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं, वयाचा अंदाज घेतं, मग अंगावरचे भोवरे शोधतं. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून किंमत चढते. मालक घोडा पळवून दाखवतो, हलगीवाला जवळ असला तर नाचवूनही दाखवतो. घोडा थांबतो कसा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मी तर म्हणेन, पैसे काढण्याआधी तेवढं नक्की विचारावं, आणि उत्तर मालकाकडून न घेता घोड्याकडून घ्यावं. सैल लगामावर चालता चालता स्वाराने श्वास सोडून अंग जड केलं, तर हा घोडा काय करतो?

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांची घोडेस्वारी आज ‘वेस्टर्न रायडिंग’ म्हणून जगभर शिकवली जाते. तिचं सगळं शास्त्र या प्रश्नाभोवती फिरतं. सिनेमामुळे आपल्याला तिची टोपी, बूट आणि धुरळा तेवढा आठवतो. टोपी सोडून द्या, तिच्याऐवजी हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट घाला, आणि त्या पद्धतीची कामाची बाजू बघा. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडकडे दारात एखादं तट्टू बांधून असलेल्या माणसाच्या ती उद्यापासून उपयोगी पडेल.

1519 साली हर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर 16 घोडे होते. त्यांच्यामागून स्पॅनिश गुरं आली, मोठमोठी कुरणं आली आणि ती गुरं राखणारे ‘वाकेरो’ घोडेस्वार तयार झाले. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या काऊबॉयनी पुढे त्यांचंच सामान आणि त्यांचीच रीत उचलली. गुराख्याचा उजवा हात फासाच्या दोरात गुंतलेला, म्हणून लगाम एकट्या डाव्या हातात. दिवसच्या दिवस खोगिरावर जायचा, म्हणून बैठक खोल आणि रिकिबी लांब. फास गुराच्या शिंगात पडला की दोराचं दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंट्याला अडकवायचं. त्या खुंट्याला हॉर्न म्हणतात. स्वाराची नजर गुरांवर असल्यामुळे घोड्याला पावलोपावली सांगत बसायला त्याला सवड नसे. एकदा ‘चल’ म्हटलं की पुढची खूण होईपर्यंत त्याच चालीने, त्याच दिशेने चालत राहायचं, ही जबाबदारी घोड्याची. इंग्लिश पद्धतीत लगामाचा हलका ताण घोड्याच्या तोंडाशी सतत राहतो. वेस्टर्नमध्ये लगाम सैल लोंबतो, खुणेपुरता उचलला जातो आणि लगेच खाली जातो.

एका हाताचा लगाम दख्खनला नवा नाही. भाला घेतलेल्या बारगिराला किंवा शिलेदाराला लगामासाठी एकच हात उरायचा. जमिनीत ठोकलेली खुंटी भाल्याने उपटण्याचा नेजाबाजीचा खेळ आपल्या लष्करात आणि पोलिस दलांत आजही तसाच खेळतात. आणि घोड्यांचं म्हणाल तर हा मुलूख त्यांच्या व्यापारावरचाच. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. वाटेत जुन्नरच्या खानाने तो हिसकावून घेतला, मग परत दिला, आणि अखेर निकितिनने तो बिदरला विकला. बिदरजवळच्या आळंदच्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे येतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. बिदर म्हणजे लातूरच्या शेजारचंच.

पण पद्धत उचलताना सामानही जसंच्या तसं उचलायचं का? इथे थोडा हिशेब करावा लागतो. घोड्याच्या पाठीवर स्वार आणि सामान मिळून त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घालू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपलं भीमथडी तट्टू अंगाने लहान. समजा त्याचं वजन 300 किलो धरलं तर मर्यादा झाली 60 किलो. वेस्टर्न खोगीर सहज 15 किलोचं असतं, म्हणजे स्वारासाठी उरले 45. इतक्या वजनाचा बापया आपल्याकडे शोधूनच काढावा लागेल. तेव्हा हौसेने महागडं काऊबॉय खोगीर मागवण्यापेक्षा हलकं, पाठीच्या कण्यावर न टेकणारं, घोड्याच्या मापाचं खोगीर घ्यावं. रिकिबी तेवढ्या लांब कराव्यात, इतक्या की पाय खाली सोडल्यावर गुडघ्यात जरासाच बाक राहील. वेस्टर्नपण खोगिराच्या चामड्यात नसतं.

आता घोड्याकडे येऊ. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते दोनच जागी: थेट शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं, नाकाखालचं. म्हणून मागून गुपचूप जाणारा माणूस लाथ खातो, आणि समोरून एकदम कपाळावर हात ठेवणाऱ्याला घोडा मान झटकून दाखवतो. खांद्याच्या बाजूने यावं, येताना आवाज द्यावा. कान तो अर्ध्या वर्तुळात फिरवतो, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना. त्याचं लक्ष कुठे आहे हे बघायला डोळ्यांपेक्षा कान बरे. मुदखेड जंक्शनला आदिलाबादकडची गाडी शिटी देते तेव्हा घोड्याचा एक कान तिकडे जातो. तो परत तुमच्याकडे वळेपर्यंत नवीन काही मागू नये. मागितलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात तीक्ष्ण त्याची कातडी. पोटावर माशी बसली तर तेवढाच टीचभर भाग थरथरतो आणि माशी उडते. ज्याला माशीचं वजन कळतं त्याला तुमच्या पोटरीचा हलका स्पर्श कळत नाही असं कसं होईल? कळतो. तरीही कितीतरी घोड्यांना सणसणीत टाच मारल्याशिवाय हलता येत नाही, कारण कधीतरी कोणीतरी त्यांना तसंच शिकवलेलं असतं. पाठीवर बसल्यापासून उतरेपर्यंत टाचा मारत राहणारा स्वार घोड्याच्या बरगड्या बहिऱ्या करतो. चाललं तरी टाच, थांबलं तरी टाच. मग त्या टाचेला अर्थ तो काय राहिला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा फार गाजला. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन गणित घालायचा आणि हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. लोकांना वाटलं, घोड्याला बेरीज येते. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपास केला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा. आपटण्याची संख्या बरोबर आकड्याला पोचली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. गणिताचं कौतुक संपलं. मला मात्र तो घोडा त्यानंतरच जास्त हुशार वाटतो. माणसाला स्वतःची न कळलेली हालचाल त्याने वाचली होती. याचा दुसरा अर्थ असा की घोड्यावर बसलेला माणूस गप्प कधीच नसतो. तुम्ही उजवीकडच्या मोगऱ्याच्या मळ्याकडे बघितलंत की तुमचा खांदा वळतो, कंबर वळते, एका मांडीवर भार वाढतो. घोडा त्या बाजूला सरकला तर त्याने ऐकलं असं म्हणायचं, ‘अडेलपणा केला’ असं नाही.

घोडा खुणेतून शिकत नाही, खूण संपते तेव्हा शिकतो. हे एवढं नीट कळलं तर पुढचं सगळं सोपं आहे. तुम्ही पोटरी दाबली. त्याला ते नकोसं वाटलं. त्याने मान हलवली, शेपूट झटकली, मागे सरकला, आणि अखेर एक पाऊल पुढे टाकलं. त्या पावलाला दाब सुटला तर त्याच्या डोक्यात नोंद होते: पुढे पाऊल, म्हणजे त्रास बंद. मागे सरकला तेव्हा घाबरून तुम्ही दाब सोडलात, तर नोंद होते मागे सरकण्याची. म्हणजे तुम्ही काय मागत होतात याला त्याच्या लेखी काहीच किंमत नाही. तुम्ही कोणत्या क्षणी सोडलंत याला आहे. आणि तो क्षण अगदी लहान असतो. पाऊल पडल्यावर ‘शाब्बास’ म्हणत दोन-तीन सेकंदांनी दाब काढला तर तोवर घोडा भलतंच काहीतरी करत असतो, आणि शाबासकी त्या भलत्याला मिळते.

हे आधी जमिनीवर उभं राहून करून बघा. मोहोरकी घाला, दोर हनुवटीखालून वीतभर अंतरावर धरा, घोड्याच्या खांद्याशी थोडे बाजूला उभे राहा. समोर नाही. त्याने एक पाऊल मागे जावं असं मागायचं आहे. दोर त्याच्या छातीकडे हलकेच दाबा, जेमतेम नाकाच्या हाडावर मोहोरकीचा पट्टा टेकेल इतपत. झटका नको. आता वाट बघा. तो आधी डोकं वर करेल. दाब तसाच ठेवा, वाढवू नका. मग मान आडवी फिरवेल, तसाच ठेवा. मग काहीच करणार नाही, नुसता उभा राहील, आणि नेमक्या याच वेळी माणसाचा धीर सुटतो, हात जोराने ओढतो. तसं न करता दाब किंचित वाढवा आणि पुढच्या पायाकडे बघत राहा. खुराची पुढची कड जमिनीवरून सुटायला लागली, पाऊल मागे पडायच्याही आधी, की बोटं उघडा. दोर लोंबू द्या. मानेवर हात फिरवा, दोन श्वास थांबा. पुन्हा तेच. थोड्या वेळाने तुम्ही नुसती बोटं मिटायला लागलात की त्याचा भार मागे जाईल. मध्येच तो जीभ बाहेर काढून ओठ चाटेल, रिकामंच चघळल्यासारखं करेल. याला ‘समजल्याची खूण’ म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. अंगातला ताण उतरताना घोडे असं करतात. पण ताण उतरला ही बातमीही चांगलीच.

आता खोगिरावर. तंग आवळताना एकदम आवळू नका, दोन-तीन वेळा थोडा थोडा आवळा. आणि चढण्यापूर्वी एकदा बघा, कारण पोट फुगवून उभा राहणारा घोडा दोन पावलं चालला की तंग सैल पडतो. पाठीवर धपकन बसू नका. खोल बसायचं म्हणजे मागे रेलायचं नाही. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत यावी, मांड घट्ट नसावी, पाय अंगाला लागून लोंबावेत.

‘चल’ सांगायला पायऱ्या असतात, आणि त्या दर वेळी त्याच क्रमाने याव्यात. आधी समोर बघा आणि पाठ किंचित ताठ करा. काही झालं नाही तर दोन्ही पोटऱ्या अलगद टेकवा. तरीही नाही तर जिभेने टकटक आवाज करा, पोटऱ्या तशाच. तरीही नाही तर लगामाच्या लांब टोकाने मागच्या मांडीवर टपटप, हलके सुरू करून वाढत जाणारं, पाय हलेपर्यंत. पाऊल पडलं की सगळं बंद: टोक बंद, आवाज बंद, पोटऱ्या सैल. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून. काल शेवटच्या पायरीला चालला म्हणून आज तिथूनच सुरुवात करायची नाही, नाहीतर बरगड्या बहिऱ्या होण्याची वाट तुम्हीच धरलीत. आणि एकदा चालायला लागला की त्याला चालू द्या. दर चार पावलांना आठवण करून देणारा स्वार घोड्याला ‘चालत राहणं तुझं काम नाही’ हेच शिकवत असतो.

थांबायची खूण वेस्टर्न पद्धतीत लगामातून सुरू होत नाही. चालत्या घोड्याबरोबर तुमची कंबर पुढे-मागे झुलत असते. श्वास सोडा, झुलणं बंद करा, बैठक जड करा. मग शब्द. तिकडे ‘व्होऽऽ’ म्हणतात, इथे ‘होऽऽ’ चालेल. लांब, उतरत्या सुरातला असला की झालं. पण तोच ‘हो’ घोड्याला चुचकारायला, माशा हाकलताना गप्प उभा राहा म्हणून, मोबाईलवर बोलताना, असा दिवसभर वापरलात तर त्याच्यातली थांबण्याची ताकद गेली. शब्दाचा परिणाम झाला नाही तरच लगाम उचला, आणि पुढचे पाय थांबले की त्याच क्षणी सोडा. आठ-दहा दिवसांत घोडा लगाम उचलण्याआधी थांबायला लागतो, कारण अंग जड झालं की पुढे काय येतं हे त्याला ठाऊक झालेलं असतं. खुणा नेहमी हलकीपासून भारीकडे याच क्रमाने गेल्या तर घोडा हलक्या खुणेवरच काम उरकतो. त्याला भारी खूण नकोच असते.

वळवणं हा या पद्धतीतला सगळ्यात देखणा भाग, आणि सगळ्यात जास्त गैरसमजाचाही. सिनेमातला काऊबॉय एका हाताने लगाम डावीकडे नेतो आणि घोडा डावीकडे वळतो. बघणाऱ्याला वाटतं, लगामाने ओढलं. खरं तर उजव्या बाजूचा लगाम घोड्याच्या मानेला टेकलेला असतो आणि घोडा त्या स्पर्शापासून दूर जातो. हे त्याला जन्मतः येत नाही, जोडून शिकवावं लागतं. आधी दोन्ही हातांत लगाम घ्या. तोंडात साधा, जोडाचा, बाजूला गोल कड्या असलेला लगाम असू द्या; त्याला स्नॅफल म्हणतात. डावीकडे वळायचं असेल तर आधी नजर वळवा. मग उजवा लगाम मानेवर टेकवा, मोजून एक श्वास थांबा, आणि त्यानंतर डावा लगाम बाहेरच्या बाजूला उघडून नाक डावीकडे आणा. नाक वळलं, पाय वळले, दोन्ही सोडा. क्रम उलटा करू नका. नवी खूण आधी, ओळखीची खूण नंतर. तरच नवी खूण जुन्या खुणेची वर्दी ठरते. दोन्ही एकदम केल्या तर घोडा ओळखीची तेवढी ऐकतो आणि नव्याकडे लक्षच देत नाही. काही आठवड्यांत मान स्पर्शावर वळायला लागते, डावा हात रिकामा राहायला लागतो, आणि मग एका दिवशी लगाम एका हातात घ्यायला हरकत नसते.

त्यानंतरच कर्ब नावाचा, दांड्यांचा लगाम. त्याच्या दांड्यांमुळे तरफेसारखा जोर वाढतो: हातात थोडं, तोंडात पुष्कळ. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते, लोखंड तिथे बसतं. हिरडीखाली लगेच हाड. अशा जागी तरफेचा लगाम ओढायला नसतोच, दाखवायला असतो. ज्याचा हात अजून घाईने मिटतो त्याने तो घेऊ नये. काटेरी लगामाचं तर नावच नको. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या 1965 च्या नियमांत काटे असलेला लगाम वापरायला बंदी आहे, तरी बाजारात तो मिळतो आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सर्रास दिसतो. नाचरा घोडा लोकांना फार आवडतो. त्याच्या पायांकडे बघणाऱ्यांनी एकदा त्याच्या तोंडाकडे बघावं. लगाम आखडलेला आणि टाच लागलेली, म्हणजे ‘थांब’ आणि ‘चल’ एकाच वेळी. दोन्ही ऐकायचं म्हटलं तर त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, जागच्या जागी पाय उचलायचा.

चालीबद्दल थोडक्यात. साध्या चालीत चार ठोके पडतात. दुडकीत तिरक्या रेषेतले दोन-दोन पाय जोडीने पडतात, दोन ठोके. वेस्टर्नमधल्या संथ दुडकीला जॉग म्हणतात. त्यापुढची तीन ठोक्यांची संथ दौड म्हणजे लोप. चौखूर सुटणं वेगळं, ते शिकण्याच्या काळात नकोच. काठेवाडी आणि मारवाडी रक्ताच्या अनेक घोड्यांना रवाळ चाल उपजत असते. एका बाजूचे पाय जवळजवळ बरोबर पडतात आणि वरचा माणूस हलत नाही. अशा घोड्याच्या पाठी लागून त्याला जॉग शिकवू नये. गुराख्यांना दिवसभराच्या बैठकीसाठी जे हवं होतं ते त्याच्याकडे आधीच आहे. चालीवरून दुडकीत आणि दुडकीतून परत चालीत, अशी ये-जा मात्र पुष्कळ करावी. वेगापेक्षा बदल जास्त शिकवतो.

घोडा उधळेल ही भीती नवशिक्याच्या मनातून जात नाही, आणि भीतीने तो दोन्ही लगाम ओढून धरतो. चारशे किलोच्या जनावराशी ओढाताण कोण जिंकणार? त्यापेक्षा एका लगामाने थांबवायला शिका. एक हात लगामावरून खाली सरकवा, मग तो हात मांडीकडे आणा, घोड्याचं नाक तुमच्या गुडघ्याकडे येईल. मान वळली की मागचे पाय एकमेकांवरून आडवे पडतात आणि पुढे ढकलण्याचा जोर मोडतो. पाय थांबले, नाक सैल झालं की सोडा. हे उभ्या घोड्यावर, मग चालीत, दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा करून ठेवा की हात आपोआप जाईल. भरधाव सुटल्यावर एकदम मान वळवली तर घोडा पायात पाय अडकून पडतो. म्हणून हे उधळण्याच्या पहिल्या दोन उड्यांत करायचं, नाहीतर मोठ्या गोलात फिरवत फिरवत गोल लहान करत न्यायचा. सराव मुरमाड जागेवर करावा. पावसाळ्यात आपली काळी माती नालेला चिकटून पाऊल जड करते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत खूर अडकतो.

बोलणं एका बाजूचं नसतं. नॉर्वेत 23 घोड्यांना तीन खुणांच्या फळ्या शिकवल्या होत्या: अंगावर झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. 2016 साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. घोडे हवामान बघून त्या त्या फळीला नाक लावत. आपल्या घोड्याला फळ्या नाहीत, पण शेपटीचा झटका आहे, आवळलेला ओठ आहे, डोळ्याचा पांढरा भाग आहे, मागे चिकटलेले कान आहेत. तंग आवळताना तो दर वेळी चावायला येत असेल तर पाठीवर हात फिरवून बघा, बहुतेक वेळा कुठेतरी खोगीर लागलेलं असतं. अचानक वळणं नाकारणाऱ्या घोड्याचे दात बघायला डॉक्टर बोलवा. दाढेची धार गालाला कापत असते आणि आपण त्याच्या स्वभावाला नावं ठेवत असतो.

गर्दीची सवयही शिकवण्यातच येते. नांदेडला होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोल मिरवणूक निघते. तख्त सचखंड हुजूर साहिबच्या पागेतले घोडे तिच्यात सजून चालतात. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याचा वंश म्हणून त्यांना मान आहे. चारी बाजूंनी जयघोष, शस्त्रं, धावणारी माणसं, आणि त्यात घोडा. ज्याला हे जमवायचं आहे त्याने ढोल एकदम कानाशी नेऊ नये. घोडा मान वर करून बघेल पण पाय हलवणार नाही, इतक्या लांबून सुरू करावं. मान खाली आली की ढोल बंद. पुन्हा तिथूनच. मग दहा पावलं जवळ. इथेही शिकवतं ते ढोलाचं थांबणं.

शेवटी घरातल्या माणसांचं. घोडा बहुधा एकट्याचा नसतो. सकाळी पोरगा रपेट मारतो, दुपारी काका शेतावर नेतात, संध्याकाळी मोतद्दार पाणी पाजायला. एकजण ‘होऽऽ’ म्हणून थांबवतो, दुसरा लगाम ओढून, तिसरा ‘हट्’ म्हणून. सगळ्यांनी बसून चार खुणा ठरवून घ्याव्यात, चालण्याची, थांबण्याची, वळण्याची आणि मागे जाण्याची, आणि ज्याला त्या मान्य नसतील त्याने घोड्यावर बसू नये, मग तो घरचा कर्ता का असेना. लग्नसराईत घोडा वरातीला भाड्याने द्यायचाच असेल तर त्या कामाचं खोगीर आणि मोहोरकी वेगळी ठेवा, आणि रोजची कधीही त्याला घालू नका. अंगावर काय चढलं यावरून घोडा आज काय मागितलं जाणार हे ओळखतो. वरातीच्या दुसऱ्या दिवशी त्याला रपेटीला काढू नका. जमिनीवरच, दोर हातात घेऊन, एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे, एवढंच मागा.